व्हाइटफील्डचा जुना फ्लॅट

व्हाइटफील्डमधल्या पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्लॅटचं खरेदीखत हाती आलं, की जाणकार ते शेवटाकडून वाचायला घेतात. शेवटच्या पानांवर तीन परिशिष्टं असतात. ‘अ’मध्ये अख्खी जमीन: गाव, सर्व्हे नंबर, इतके एकर इतके गुंठे आणि चतुःसीमा. पूर्वेला कुणाचं तरी शेत, पश्चिमेला गाडीवाट, उत्तरेला त्याच सर्व्हे नंबरचा उरलेला तुकडा. ‘ब’मध्ये त्या जमिनीतला अविभक्त हिस्सा, चौरस फुटांत. आणि ‘क’मध्ये, सगळ्यांच्या मागून, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो फ्लॅट: कितवा मजला, किती खोल्या, पार्किंगची एक झाकलेली जागा. चतुःसीमेतलं शेत केव्हाच गेलेलं असतं, तिथे वीस मजले उभे असतात. कागदावर मात्र ते शेतच राहतं. तालुक्याच्या नावाशी बहुधा एक कंस असतो: आताचा बेंगळुरू पूर्व तालुका, पूर्वीचा बेंगळुरू दक्षिण.

जुना फ्लॅट घेणारा साधारणपणे इमारतीचं वय विचारतो, ओल कुठे येते ते बघतो, लिफ्ट कितीदा बंद पडते ते वॉचमनकडून काढून घेतो. हे सगळं बघावंच. पण व्हाइटफील्डपुरतं बोलायचं तर इमारत किती वर्षांची यापेक्षा ती कोणाच्या अमलात उभी राहिली, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. संस्थान, ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका आणि अगदी अलीकडे आणखी एक नवी महापालिका असे धनी या जमिनीला मिळत गेले. प्रत्येकाने आपल्या पद्धतीचा कागद मागे ठेवला. जुना फ्लॅट म्हणजे यातल्या कोणत्या तरी एका कागदावर उभं असलेलं घर.

पहिला कागद १८८२ सालचा. म्हैसूर संस्थान पन्नास वर्षं इंग्रज कमिशनरांच्या ताब्यात राहून २५ मार्च १८८१ रोजी वडियार घराण्याकडे परत आलं होतं. महाराज दहावे चामराजेंद्र जेमतेम अठरा वर्षांचे, आणि कारभार दिवाण रंगाचार्लूंकडे. त्याच सुमारास मद्रासेत डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट नावाचे गृहस्थ युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाची संघटना बांधत होते. या समाजाची अडचण अशी, की पोट सरकारी आणि रेल्वेच्या नोकरीवर. गोरे लोक आपल्यात धरत नाहीत आणि गावात जमीन नाही. नोकरीच्या आशेवर पिढ्या काढण्यापेक्षा स्वतःची शेती करावी, स्वतःचं गाव वसवावं, असा व्हाइट यांचा आग्रह होता. म्हैसूर आणि कूर्गच्या युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला महाराजांनी बेंगळुरूच्या पूर्वेला चार हजार एकरांच्या आसपास जमीन दिली. तिथे ज्या वसाहती आखल्या गेल्या त्यांपैकी एकीला व्हाइट यांचं नाव मिळालं, दुसरी सॉसमंड. सॉसमंड आज कुणाला ठाऊक नाही. व्हाइटफील्डचं नाव मात्र विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याला सांगितलं, की तो आधी सुस्कारा टाकतो.

गावाची आखणी पाहण्यासारखी होती. मध्ये गोल मैदान, त्याभोवती गोल रस्ता, आणि रस्त्याच्या कडेने कौलारू बंगले, प्रत्येकाला मागे बाग. आजही त्या भागाला इनर सर्कल म्हणतात आणि त्याच्या बाहेरचा तो आउटर सर्कल. १८८६मध्ये तिथे मेमोरियल चर्चचं काम झालं. जेम्स हॅमिल्टन यांनी वेव्हर्ली इन नावाची खानावळवजा सराई काढली. विन्स्टन चर्चिल १८९६नंतर दोनेक वर्षं बेंगळुरूच्या छावणीत होते, ते घोड्यावरून इथे येत आणि हॅमिल्टनच्या मुलीच्या प्रेमात होते, अशी कथा व्हाइटफील्डमध्ये अजून सांगतात. कथेला पुरावा काही नाही. चर्चिलांनी बेंगळुरूच्या क्लबात तेरा रुपयांची उधारी ठेवली, याची नोंद मात्र त्या क्लबाच्या वहीत आहे. प्रेमापेक्षा देणं नीट लिहून ठेवतात!

गाव म्हणून हा प्रयोग फारसा फळला नाही. माळरान मोडून शेती करायची तर पाणी हवं, बैल हवेत, पिढीजात सवय हवी. यांतलं काहीच मुबलक नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावची वस्ती दीडशेच्याही आत होती. पोरं मोठी झाली, की रेल्वेत नाहीतर कोलारच्या सोन्याच्या खाणींत नोकरीला लागत. बेंगळुरूहून खाणींकडे जाणारी गाडी व्हाइटफील्डवरूनच जाई, त्यामुळे घर सोडणं सोपं होतं. पुढे १९३३मध्ये आजच्या झारखंडात याच समाजासाठी मॅकक्लुस्कीगंज वसवलं गेलं, तेही याच वळणाने गेलं. स्वातंत्र्यानंतर बरीच घराणी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली आणि बंगले हळूहळू इतरांनी घेतले. असोसिएशनने दिलेली जागा बाहेरच्याला विकली जाणं, ही व्हाइटफील्डची पहिली ‘रीसेल’.

मराठी वाचकाला इथे एक जुना सौदा आठवेल. १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे ते व्यंकोजीराजांकडे गेलं. तंजावरहून इतक्या दूरचं ठाणं सांभाळणं परवडेना म्हणून त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. बोलणी चालू असतानाच १६८७मध्ये मोगलांचा सरदार कासिमखान शहरात शिरला, आणि तीन लाखांना शेवटी ते चिक्कदेवराजाला मिळालं ते मोगलांकडून. साठेखत एकाबरोबर, ताबा दुसऱ्याकडून! आजच्या बेंगळुरूतल्या कुठल्याही वकिलाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून व्हाइटफील्ड म्हणजे निवांतपणा. १९६३मध्ये इथे एक्युमेनिकल ख्रिश्चन सेंटर उभं राहिलं. शेजारच्या काडुगोडीला सत्य साईबाबांचा वृंदावन आश्रम झाला आणि देशोदेशीचे भक्त येऊन राहू लागले. निवृत्त लष्करी अधिकारी, पाद्री, भक्त आणि थोडी जुनी अँग्लो-इंडियन घराणी, असा तो शेजार होता. तोवर फ्लॅटची गरज कुणालाच नव्हती, कारण जमीन होती.

फ्लॅट हा प्रकारच मुळात जमीन संपल्यावर सुचतो, आणि त्यासाठी कायद्याला डोकं खाजवावं लागतं. जमिनीवर घर असलं तर मालकी सरळ. पण हवेतल्या चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांची मालकी कशी लिहायची? मुंबईने याचं उत्तर सहकारातून काढलं. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. त्या वळणावर पुढे मुंबई-पुण्याची सोसायटी उभी राहिली: इमारत आणि जमीन सोसायटीची, सभासदाच्या हाती शेअर सर्टिफिकेट आणि राहण्याचा हक्क. गंमत अशी, की बेंगळुरूत १९०९मध्येच, म्हणजे तालमकींच्या आधी सहा वर्षं, बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी नोंदली गेली होती. पण तिथल्या गृहनिर्माण सोसायट्या मुख्यतः प्लॉट पाडून वाटत राहिल्या, कारण पाडायला जमीन होती. सहकाराची वाट बेंगळुरूने आधी धरली, आणि फ्लॅटची वेळ आली तेव्हा ती सोडून दिली.

जगभर त्याच काळात दुसरी वाट तयार होत होती. १९५८मध्ये पोर्तो रिको, १९६१मध्ये ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स, १९६२मध्ये जपान, असे एकामागून एक कायदे आले. सगळ्यांचा गाभा सारखा: फ्लॅट तुमचा स्वतंत्र, जिना-गच्ची-जमीन सगळ्यांची मिळून आणि दोन्ही एकमेकांपासून तोडता येणार नाहीत. महाराष्ट्राने १९७०मध्ये अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा केला आणि कर्नाटकाने १९७२मध्ये. महाराष्ट्रात तो सोसायटीच्या सावलीत राहिला. कर्नाटकात तोच मुख्य रस्ता ठरला. पण त्या रस्त्याला एक फाटक आहे. कायदा लागू व्हायचा तर मालकाने, किंवा सगळ्या मालकांनी मिळून, तसं घोषणापत्र नोंदवावं लागतं: इमारतीत काय काय आहे, सामाईक काय, आणि कोणत्या फ्लॅटचा सामाईक मालमत्तेत किती टक्के वाटा. ज्या इमारतीत बिल्डरने हे नोंदवलं नाही आणि नंतर रहिवाशांनीही हालचाल केली नाही, तिथे लोक वर्षानुवर्षं राहतात, देखभालखर्च भरतात, गणपती बसवतात, आणि कायद्याने बघितलं तर ती अजून रीतसर अपार्टमेंटच झालेली नसते. बऱ्याच ठिकाणी रहिवाशांनी सोपा मार्ग म्हणून १९६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संघटना नोंदवली, जो क्रीडामंडळं आणि वाचनालयांसाठी आहे. फ्लॅटधारकांच्या मालमत्तेचा कारभार त्या कायद्यात बसत नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेला मराठी खरेदीदार ‘सोसायटी रजिस्टर्ड आहे ना?’ असं विचारतो, समोरून ‘हो’ येतं, आणि दोघांच्या मनातली सोसायटी वेगवेगळी असते.

व्हाइटफील्डची जमीन संपायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकात. भारत आणि सिंगापूर यांच्या सरकारांचा मेळ बसला, सिंगापूरच्या कंपन्या, टाटा आणि कर्नाटकाचं औद्योगिक विकास मंडळ यांची १९९४मध्ये भागीदारी झाली, आणि दशक संपता संपता इंटरनॅशनल टेक पार्कच्या इमारती भरू लागल्या. बाहेरच्या विजेचा भरवसा नव्हता म्हणून पार्कने आपलं स्वतःचं वीजकेंद्र उभारलं. जवळच निर्यातीसाठीचं औद्योगिक क्षेत्र होतं. २०००मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं जॅक वेल्च तंत्रज्ञान केंद्र आलं, सॅप आली, आणि जानेवारी २००१मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सत्य साई संस्थेचं मोठं मोफत रुग्णालय सुरू झालं. शहराचा विमानतळ तेव्हा एचएएलचा, म्हणजे याच बाजूला. २००८मध्ये तो देवनहळ्ळीला गेला तोवर व्हाइटफील्डची घोडदौड कुणाच्याने थांबण्यासारखी राहिली नव्हती.

पण ज्या गावांच्या शेतांवर हे सगळं उठत होतं, ती बेंगळुरू महानगरपालिकेत नव्हती. काही महादेवपुरा नगरपालिकेत, काही नुसत्या ग्रामपंचायतीत. शेतजमीन सरळ विकत घेणंही बिल्डरला सोपं नव्हतं. शेतकरी नसलेल्याला शेती घेऊ न देणारी कलमं कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात २०२०पर्यंत होती. त्यातून संयुक्त विकासाचा करार फोफावला. शेतकऱ्याने जमीन द्यायची, बिल्डरने परवानग्या काढून बांधायचं आणि फ्लॅट ठरल्या वाट्याने वाटून घ्यायचे. बिगरशेतीचा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कन्व्हर्जन’चा हुकूम जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायचा. कुणी अख्ख्या क्षेत्राचा घेतला, कुणी थोड्या क्षेत्राचा घेऊन बांधकाम उरलेल्यावरही पसरवलं. म्हणून जुन्या फ्लॅटच्या कागदांत दोन साखळ्या तपासाव्या लागतात. एक बिल्डरची, आणि दुसरी शेतकऱ्याच्या घरची: आजोबांच्या नावची पहाणी (ज्याला आपण सातबारा म्हणतो), वाटणीपत्र, बहिणींची सही आहे की नाही, अज्ञान मुलाच्या वतीने कोणी सही केली. आपण घेतो तो फ्लॅट बिल्डरच्या वाट्याचा की जमीनमालकाच्या, हेही कराराच्या जोडपत्रात बघावं लागतं. जमीनमालकाच्या वाट्याचा फ्लॅट बिल्डरने विकल्याचे दावे कोर्टांना नवे नाहीत.

याच काळात पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच कंपनी काढली आणि शहर बांधलं. दोन्हीकडे ऊस-नाचणीच्या जागी संगणक आले. मगरपट्ट्यात जमीनमालक कागदाच्या एकाच बाजूला, एकाच कंपनीत राहिले. व्हाइटफील्डमध्ये प्रत्येक सर्व्हे नंबरची कथा निराळी. म्हणूनच व्हाइटफील्डमध्ये रस्ते अचानक संपतात, एका गेटबंद वसाहतीतून शेजारच्या वसाहतीत जायला दोन किलोमीटरचा वळसा पडतो आणि प्रत्येक कॉम्प्लेक्सला आपापली बोअरवेल, आपापला जनरेटर, आपापलं सांडपाणी शुद्धीकरण.

इथे इमारतीच्या जन्मसालाला महत्त्व येतं. २००७च्या आधीची बरीच बांधकामं ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभी राहिली. चार-पाच मजल्यांच्या इमारतीचा आराखडा मंजूर करायचा अधिकार पंचायतीला होता का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, कारण विचारलं तर फ्लॅट स्वस्त मिळाला नसता. २००७च्या जानेवारीत बृहत् बेंगळुरू महानगर पालिका झाली. सात नगरपालिका, एक टाउन पालिका आणि ११० खेडी तिच्यात ओढली गेली, महादेवपुराही. पालिकेपुढे एकदम हजारो अशा मालमत्ता आल्या ज्यांना नियमानुसार मान्यता देता येईना आणि ज्यांचा कर सोडवेना. मार्ग निघाला तो दोन वह्यांचा. नियमात बसणाऱ्यांची नोंद ‘अ’ वहीत, बाकीच्यांची ‘ब’ वहीत. ‘ब’ खाता म्हणजे पालिका कर घेते, पण बांधकाम कायदेशीर असल्याची हमी देत नाही. अशी मालमत्ता दंड घेऊन नियमित करायची ‘अक्रम-सक्रम’ योजना राज्याने आणली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये तिला स्थगिती दिली. त्या आशेवर ‘ब’ खात्याचे फ्लॅट विकले गेले, पुन्हा विकले गेले आणि अजूनही विकले जातात. किंमत कमी, आणि कर्ज द्यायला बऱ्याच बँका हात आखडता घेतात. ही स्वस्ताई ज्याला समजून घ्यायची त्याने घ्यावी. दलाल मात्र ती ‘थोडं कागदपत्रांचं काम बाकी आहे’ अशा शब्दांत सांगतो.

२००७ ते २०१७ हा मधला टप्पा. मोठे बिल्डर, मोठी क्षेत्रं. प्रेस्टिज शांतिनिकेतनसारखं सुमारे तीन हजार फ्लॅटांचं कॉम्प्लेक्स याच सुमाराचं. इथे मालकीचे कागद बहुधा नीट असतात. अडतं ते भोगवटा प्रमाणपत्रावर. मंजूर आराखड्यापेक्षा एखादा मजला जास्त, किंवा बाजूची मोकळी जागा गिळलेली, की पालिका ते देत नाही आणि लोक तसेच राहायला जातात. २०१६चा रेरा कायदा कर्नाटकात २०१७मध्ये सुरू झाला, त्याआधीच पुरी झालेली इमारत त्या कक्षेबाहेर. तिथे बिल्डरने किती एरिया सांगितला, त्यात जिन्याचा आणि लॉबीचा वाटा किती, हे ज्याचं त्यानेच मोजून घ्यायचं.

मग तरीही लोक जुना फ्लॅट का घेतात? खोल्या मोठ्या, हे एक कारण. दुसरं ‘ब’ परिशिष्टात आहे. समजा एक एकर जमीन, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तिच्यावर चार मजली जुनी इमारत, साठ सारखे फ्लॅट. प्रत्येकाच्या वाट्याला ७२६ चौरस फूट जमीन. त्याच एका एकरावर नव्या मनोऱ्यात दीडशे फ्लॅट धरले, तर वाटा २९० फुटांवर येतो. बांधकाम दरवर्षी झिजतं, व्हाइटफील्डची जमीन आजवर तरी महागच होत गेली आहे. २५ मार्च २०२३ रोजी कृष्णराजपुरापासून व्हाइटफील्डपर्यंतची मेट्रो सुरू झाली आणि ९ ऑक्टोबरला मधला तुटक दुवा जोडला जाऊन ती थेट शहरात जाऊ लागली. तेव्हापासून स्टेशनजवळच्या बिनलिफ्टच्या तीन मजली इमारतींकडेही गिऱ्हाइकं नव्या नजरेने बघू लागली. (संस्थान परत मिळालं तीही तारीख २५ मार्चच. यात अर्थ काही नाही, पण व्हाइटफील्डच्या इतिहासात दोनदा नशीब फिरलं ते त्याच दिवशी.)

जमिनीइतकाच पाण्याचा प्रश्न जुना आहे. व्हाइट यांच्या वसाहतीला जे नडलं तेच मनोऱ्यांना नडतं. बेंगळुरू नदीकाठचं शहर नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावं लागतं. १९७४पासून ते येतं, पण बाहेरच्या वस्त्यांपर्यंत पोचायला पन्नास वर्षं गेली. मधल्या काळात बोअरवेल खोल खोल जात राहिल्या, कोरड्या पडल्या, आणि टँकर हा कॉम्प्लेक्सच्या जमाखर्चातला कायमचा रकाना झाला. २०२४च्या उन्हाळ्यात तर टँकरही मिळेनात. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला: दिवसाला ७७.५ कोटी लिटर, मुख्यतः त्या ११० खेड्यांसाठी. म्हणून जुन्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट बघताना संघटनेच्या कार्यालयात जाऊन मागच्या तीन उन्हाळ्यांची टँकरची बिलं मागावीत. चिटणीस थोडा वेळ वहीच्या शोधात काढेल. वही सापडलीच, तर एप्रिल-मेचे आकडे इमारतीच्या रंगरंगोटीपेक्षा जास्त खरं बोलतात.

पाणी नको तेव्हाही येतं. सप्टेंबर २०२२मध्ये महादेवपुरा भागातल्या सखल वसाहतींत बोटी आणि ट्रॅक्टर फिरले. एका तळ्याचं जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारे राजकालुवे, म्हणजे मोठे नाले, बुजवून किंवा वळवून बांधकामं झाल्याचा तो परिणाम होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६मध्ये तळ्याभोवती ७५ मीटर मोकळी जागा सोडण्याचा हुकूम दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तो रद्द करून आधीचे नियम परत आणले. मधल्या तीन वर्षांत कितीतरी इमारती कागदावर बेकायदा होऊन परत कायदेशीर झाल्या, जागची वीटही न हलता. गावाचा जुना सर्व्हे नकाशा खरेदीखताशेजारी ठेवून नाल्याची रेघ कुठून जाते ते बघणं, हे काम हजार-दोन हजारांत होतं आणि कोट्यवधींच्या खरेदीत नेमकं तेच राहून जातं.

जपानी उपनगरांत जुना फ्लॅट घेणाऱ्याचे प्रश्न याहून वेगळे आहेत आणि ताडून बघण्यासारखे आहेत. टोकियोच्या पश्चिमेला तामा न्यू टाउनमध्ये १९७१पासून लोक राहायला आले. तिथल्या त्या पिढीतल्या पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारती आज म्हाताऱ्या रहिवाशांनी भरलेल्या आहेत आणि वरच्या मजल्यांचे फ्लॅट स्वस्त मिळतात. गिऱ्हाईक आधी विचारतं, इमारत जून १९८१च्या भूकंपविषयक नियमांच्या अलीकडची की पलीकडची. मग विचारतं, दुरुस्तीच्या राखीव निधीत किती जमा आहे. देखभालखर्चापासून वेगळी अशी ही रक्कम दरमहा भरायची असते, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कोणत्या साली गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कोणत्या साली पाइप, कोणत्या साली लिफ्ट, याचा आराखडा असतो. मालकी कोणाची हा प्रश्न तिथे फारसा उठतच नाही. बेंगळुरू भूकंपाच्या सौम्य पट्ट्यात येतं, त्यामुळे पहिली चिंता आपल्याला नाही. दुसरीचं उत्तर मात्र व्हाइटफील्डमधल्या थोड्याच संघटना सांगू शकतील. बिल्डरने सोपवलेली ठेव, तिचं व्याज, आणि रंगकाम निघालं की प्रत्येकी एकरकमी वर्गणी, अशी सर्वसाधारण पद्धत. वीस वर्षांच्या इमारतीत लिफ्ट आणि सांडपाण्याचं यंत्र एकाच वेळी बदलायला आलं, की सर्वसाधारण सभेत जे होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

रहिवाशांनी हातपाय हलवले नाहीत असंही नाही. २०१३मध्ये ‘व्हाइटफील्ड रायझिंग’ ही नागरिकांची चळवळ उभी राहिली. कचरा, रस्ते, तळी, मतदारयादी अशा गोष्टींत तिने पालिकेचा पिच्छा पुरवला. यात फ्लॅटधारकच पुढे होते.

कागदांचा फेरा अजून चालूच आहे. ऑक्टोबर २०२४पासून ई-खाता, म्हणजे पालिकेच्या वहीतल्या नोंदीचा ऑनलाइन उतारा, असल्याशिवाय पालिका हद्दीतल्या मालमत्तेची विक्री नोंदवता येत नाही. जुन्या फ्लॅटांचे मालक, त्यातले कितीतरी परदेशी गेलेले, आपल्या नावातलं एक अक्षर खरेदीखतात आणि आधारकार्डावर वेगळं आहे म्हणून अडकले. सप्टेंबर २०२५मध्ये बृहत् बेंगळुरूची पाच महापालिकांत फोड झाली आणि महादेवपुरा पूर्व महापालिकेत गेलं. म्हणजे खरेदीखताच्या पुढच्या पिढीत आणखी एक कंस.

आणि एक हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या पहिल्या इमारती लवकरच तिशीत येतील. मुंबईत तिशीतली इमारत म्हटली, की पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात. महाराष्ट्र सरकारने २०१९मध्ये सोसायट्यांसाठी लागणारी संमती ५१ टक्क्यांवर आणली. जपानात पाडून बांधायला चार-पंचमांश मतं लागतात आणि २०२५मध्ये तिथल्या संसदेने तीही अट काही परिस्थितींत सैल केली. कर्नाटकाच्या १९७२च्या कायद्यात मालमत्ता अपार्टमेंटच्या बंधनातून बाहेर काढायची तर सगळ्या मालकांची सही लागते. शिवाय ज्यांचा फ्लॅट गहाण आहे त्यांच्या बँकांची संमतीही. साठ फ्लॅटांच्या इमारतीत साठ सह्या: एक सिएटलला, एक वारसांच्या दाव्यात, एक ‘ब’ खात्याचा वाद लढणारा, आणि एक तळमजल्यावरचे आजोबा, ज्यांना कुठेच जायचं नाही.